कोपऱ्यातले तात्या

१९ जुलै, शनिवार. सकाळी दुकानाचं शटर वर केलं, अगरबत्ती लावली आणि अकरा संचालकांची डोकी काढायला बसले.

डोकी एका दूध कंपनीच्या संचालकांची होती आणि ती संगणकावरून काढायची होती. कंपनी आपल्या जुन्नर-आंबेगावातल्या शेतकऱ्यांचीच. नाव सांगत नाही, त्यांचं अजून बरंच काम माझ्याकडे यायचं आहे. ही कंपनी दूध घालणाऱ्या बायकांसाठी फोनवरून प्रशिक्षणाचे वर्ग घेते. वर्ग चालू असताना पडद्यावर एकामागून एक पाट्या येतात. आम्ही धंदेवाले त्यांना स्लाइड म्हणतो, बायका पाटीच म्हणतात. त्या पाट्यांचा साचा मला नव्याने करायचा होता.

साचा म्हणजे काय, हे मी गिऱ्हाइकांना लग्नपत्रिकेवरून समजावते. वर गणपती कुठे, कुलदैवतांची नावं कुठे, खाली मामाच्या लग्नाला यायचा आग्रह करणारी चिल्लीपिल्ली कुठे, हे सगळं आधीच बसवलेलं असतं. तुम्ही यायचं आणि फक्त नवरा-नवरी बदलायची. इथेही तसंच. लोगो, रंग, मथळ्याचं अक्षर, मजकुराची जागा एकदा ठरवून द्यायची. मग शिकवणाऱ्याने रोज यावं, आपला धडा त्यात ओतावा आणि मोकळं व्हावं. साचा चांगला असला की तो कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे या कामात कौतुक कमी.

कंपनीचा जुना साचा मात्र चांगलाच लक्षात यायचा. कारण तो मुळात फ्लेक्स होता.

मंचरला माझं हे दुकान बरीच वर्षं आहे. पत्रिका, पावतीपुस्तकं, शाळेची ओळखपत्रं, सगळं करते. पण शिकले ती फ्लेक्सवर. फ्लेक्सचे नियम कुठल्या पुस्तकात नाहीत, तरी आपल्याकडे लहान पोरालाही पाठ असतात. मोठा नेता वर, त्याहून मोठा आणखी वर. हात जोडलेला माणूस डावीकडे, फोन कानाला लावलेला उजवीकडे. ज्याचा वाढदिवस तो मध्ये, आणि खाली शुभेच्छुकांची रांग. या रांगेवरून मी भाऊबंदकी पाहिली आहे. एकदा एक गृहस्थ खिशात सुताराचा टेप घेऊन आले आणि पडद्याला लावून त्यांनी स्वतःचं डोकं आणि चुलतभावाचं डोकं मोजून घेतलं. चुलतभाऊ कानाएवढा जास्त भरला. मी म्हटलं, "भाऊ, त्यांच्या डोक्यावर फेटा आहे, त्याची उंची धरलीत तुम्ही." तर म्हणाले, "मग मला बी फेटा घाला." घातला. संगणकात फेट्याला कापड लागत नाही.

दुसरे एक टोमॅटोच्या रोपांचं प्रशिक्षण देणारे साहेब होते. त्यांना प्रत्येक अक्षर उडत, गिरक्या घेत यायला हवं होतं. केलं तसं. वर्गात 'करपा' हा एक शब्द गारपीट झाल्यासारखा पडेपर्यंत निम्म्या शेतकऱ्यांचा नेटपॅक संपला. गिऱ्हाईक मागेल ते द्यावं हा माझा नियम आहे, आणि तो पाळल्याचा पस्तावाही मला अधूनमधून होतो. इतकी वर्षं मी जागा भरून द्यायचे पैसे घेतले. रिकामी ठेवायचे कोणी देत नाही.

तर त्या कंपनीचा साचा. वरच्या पट्टीत लोगो आणि अकरा संचालक, सगळे हात जोडून. डावीकडे उभी गाय. उजवीकडे दुधाचा पेला, त्यातून दूध उसळलेलं. खाली पत्ता, फोन नंबर आणि 'शेतकऱ्यांची, शेतकऱ्यांसाठी'. या सगळ्याच्या मध्ये जी फट उरायची, त्यात धडा.

"ताई, माझ्या धड्याला पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा आहे," असं रेहाना मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

रेहाना मोमीन ही कंपनीची प्रशिक्षक. जुन्नरची. वडिलांचं तिथल्या बाजारात भांड्यांचं दुकान. ही दुग्धशास्त्र शिकून गायींच्या मागे लागली. स्वच्छ दूध कसं काढावं, कास सुजू नये म्हणून काय करावं, हे ती दुपारी दोनला शिकवते, कारण तेव्हाच बायकांना तासभर मिळतो. पहिल्या बॅचमधल्या बहुतेक बायका मध्येच गळाल्या. संचालकांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की दुसरी बॅचही गळाली तर वर्ग बंद, आणि वर्ग बंद म्हणजे तिचंही काम बंद. दुसरी बॅच सोमवारी सुरू होणार होती.

"शिकवणं वाईट असेल तर मला काढा," ती म्हणाली. "पण त्यांना दिसतच नसेल तर?"

दिसतं की नाही हे माझ्या मोठ्या पडद्यावर कळत नाही. म्हणून डोकी काढून झाल्यावर त्याच शनिवारी दुपारी आम्ही दोघी निमगाव साव्याला सुनंदाच्या गोठ्यात गेलो. सुनंदा ही पहिल्या बॅचमधून गळालेली बाई. चार गायी, तडकलेल्या काचेचा फोन आणि जीभ अशी की मध्ये कोणी बोलू नये.

तिने फोन पेंडीच्या पोत्याला टेकवून उभा केला. तिचे हात ओले होते, त्यामुळे पडदा बोटांनी मोठा करायचा प्रश्नच नव्हता. आधी मी जुनी पाटी दाखवली.

"हे बघा," सुनंदा म्हणाली, "हे पयले बाबा दिसत्यात. हे दुसरे बाबा दिसत्यात. गाय दिसती. म्याडम काय म्हनत्यात ते तेवढं दिसत न्हाई."

मग नवी दाखवली. पांढरी पाटी, वर हिरवी बारीक पट्टी, एका कोपऱ्यात लोगो आणि मध्ये जाड अक्षरात तीनच ओळी. सुनंदा दोन पावलं मागे सरकली, गायीच्या पाठीवर हात ठेवून तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि तीनही ओळी वाचून काढल्या.

"आता कसं! हितनं दिसतंय. पर बाबा कुटं गेले सगळे?"

"काढले," मी म्हटलं.

"बरं केलं. पर तात्या ऐकत्याल का?"

तात्या म्हणजे कंपनीचे अध्यक्ष. पारगावचे. उसाचे मोठे बागायतदार, गोठाही मोठा, आवाज त्याहून मोठा. रविवारी रेहानाला घेऊन कंपनीच्या राजुरीच्या ऑफिसात मी त्यांना आणि उपाध्यक्ष दत्ताभाऊंना नवा साचा दाखवला. बाकीचे दहा जण गेलेले पाहून तात्या खूश झाले. "लई गर्दी व्हती राव," म्हणाले. मग पुढे वाकले. "आन मी?"

"तुम्ही पण नाही, तात्या. मजकुराला जागा लागते."

"आसं कसं? अध्यक्षच न्हाई तर कंपनी कुनाची हे बायांना कळायचं कसं?"

रेहाना माझ्याकडे बघत होती. मी हिशेब केला: संपूर्ण तात्या नको असतील तर थोडे तात्या द्यावे लागतील. उजव्या कोपऱ्यात, वरती, गोल चौकटीत, लिंबाएवढे. तात्या कबूल झाले. पण त्यांनी दिलेला फोटो कुठल्याशा लग्नातला होता, डोक्यावर भडक गुलाबी फेटा. तो हिरव्या पट्टीशेजारी असा ओरडायला लागला की धड्याकडे लक्षच जाईना. मी फेटा काढला नाही. फोटोतला रंग काढला. काळा-पांढरा, मऊ, एका बाजूने उजेड. गंमत अशी की तात्या त्यात खरोखर देखणे दिसले.

"परदेशी कंपनीवानी वाटतंय," तात्या म्हणाले.

"सिनेमातलं वाटताय, तात्या," दत्ताभाऊ म्हणाले.

मग तात्यांनी खाली नाव घालायला सांगितलं. नाव घातलं. मग म्हणाले, कार्यकाळ पण घाला, कधीपासून अध्यक्ष आहे ते कळू द्या. त्यांचा कार्यकाळ याच वर्षी संपतो. म्हणून नावाखाली दोन सालं घातली, मध्ये आडवी रेघ. लोगोत चाऱ्याच्या दोन पात्या आहेत, त्या मी गोलाच्या दोन्ही अंगांनी वळवून घेतल्या. जरा शोभा आली. आम्ही पाच जणांनी, म्हणजे आत येऊन बसलेल्या मॅनेजरांसकट, ते पाहिलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. पुन्हा गोठ्यात जाऊन बघायला वेळ नव्हता.

सोमवारी दुपारी मी शाळेची ओळखपत्रं कापत होते. सव्वादोनच्या सुमारास दत्ताभाऊंचा फोन आला. आवाज जड.

"ताई, वाईट झालं. तात्या गेले."

मी कात्री खाली ठेवली. "काय सांगता! काल तर आपल्याबरोबर... कसे गेले?"

"त्ये काय कळलं न्हाई अजून. बोर्ड करायला घ्या. धा बाय आठ. फोटो त्योच टाका, तुमी केल्याला काळा-पांढरा. लई भारी आलाय. खाली शोकाकुल म्हनून माझा टाका, रंगीत."

"दत्ताभाऊ, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय? वर्गात लावलाय की फोटो. सगळ्या बाया हात जोडायल्यात."

मी फोन ठेवला आणि वर्गात शिरले. वर कोपऱ्यात तात्या होते. काळे-पांढरे, दोन्ही बाजूंनी पात्या, खाली नाव, त्याखाली दोन सालं आणि मधली रेघ. माझ्या मोठ्या पडद्यावर जे परदेशी कंपनीसारखं दिसत होतं, ते तळहाताएवढ्या फोनवर चौकाचौकात लागलेल्या श्रद्धांजलीच्या बोर्डासारखं दिसत होतं. आपल्याकडे जिवंत माणसाचा फोटो काळा-पांढरा नसतो. हे मला माहीत होतं की; असले बोर्ड मी किती केले असतील. पण ते माहीत असणं दुकानातच ठेवून मी राजुरीला गेले होते.

त्यात रेहानाने सुरुवातीला सांगितलं होतं, "सगळ्यांनी माइक बंद करा, आपण दोन मिनिटं थांबू." म्हणजे बाकीच्या बायका जोडल्या जाईपर्यंत. बायका उभ्या राहिल्या होत्या.

आता ती कास धुण्याबद्दल बोलत होती. पाटी दाखवताना तिला खाली आलेले निरोप दिसत नाहीत, त्यामुळे ती कोमट पाण्यापर्यंत पोहोचली होती आणि खाली ओळीने येत होतं: भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. जोडलेले हात. देवमाणूस गेला. कधी झालं? पुन्हा जोडलेले हात. मी घाईने लिहिलं, "तात्या ठणठणीत आहेत, फोटो फक्त नवीन आहे." त्याच्या लगेच खाली कोणीतरी लिहिलं, "आत्म्यास शांती लाभो."

तोवर पाटीचे फोटो गावागावांच्या ग्रुपवर फिरायला लागले होते. एका संकलन केंद्रावर कोणी भल्या माणसाने 'दुखवट्यामुळे बंद' असा फलक लावला आणि संध्याकाळच्या दुधाचं काय, म्हणून मॅनेजरांची धावपळ झाली.

मग रेहानाचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, म्हणजे प्रकरण गंभीर.

"ताई, संपलं. उद्या तातडीची मीटिंग आहे. दत्ताभाऊ म्हणाले, वर्गच बंद करायचा."

"तात्या काय म्हणाले?"

"तात्या फोन उचलत नाहीत."

"लोकांचे फोन उचलून दमले असतील. तू पारगावला ये, मीही निघते."

आम्ही पोहोचलो तेव्हा उजेड होता. अंगणात खुर्च्या मांडलेल्या, माणसं चहा पीत बसलेली. तात्या मध्यभागी, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून. दुपारी ते जेवून आडवे झाले होते, फोन आवाज बंद करून. राजुरीची बहीण गाडीतून उतरली तीच हंबरडा फोडत, तेव्हा ते बनियनवर बाहेर आले. त्यांना बघून बहीण जास्तच ओरडली. आता ती लाल डोळ्यांनी चहात खारी बुडवत होती.

"या!" तात्या गरजले. "बघा, आल्या मला मारनाऱ्या!"

"तात्या, चूक झाली," रेहाना म्हणाली.

"चूक? पोरी, सतरा ठिकानचे फोन आले. जावई पुन्याहून निगाला. मी सोता सांगतोय मी बोलतोय म्हनून, तर म्हनतो मामा, फोन कुनाकडं हाय?" मग माझ्याकडे वळून, जरा खालच्या आवाजात: "पर ताई, कोन कोन आलं ते बघून घेतलं मी. ह्यो शेजारचा वसंता न्हाई आला. भिंतीला भिंत हाय."

दत्ताभाऊ एका कडेला बसले होते, पायामागे प्लास्टिकची पिशवी लपवून. पिशवीतून झेंडूची फुलं डोकावत होती.

"काय हाय रं दत्ता त्यात?"

"काय न्हाई, तात्या."

"आनलायस तर घाल की आता."

दत्ताभाऊंनी उठून हार घातला. लोकांना काय करावं कळेना, मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

हार सावरत तात्या म्हणाले, "माझं ठरलंय. उद्यापासनं माझा फोटो रंगीत पायजे. मोठा. पुरा. न्हाईतर त्यो वर्ग बंद."

रेहानाने माझ्याकडे पाहिलं. मोठे रंगीत तात्या म्हणजे पुन्हा धडा फटीत, बायका पुन्हा गळणार, आणि वर्ग एक महिना उशिरा बंद पडणार, एवढाच फरक.

तेवढ्यात फाटकातून सुनंदा आली. तिचं माहेर पारगावचं, तात्यांच्या मागच्याच आळीतलं. एका हातात पिठल्याचं पातेलं, दुसऱ्या हातात फडक्यात भाकऱ्या. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आणलेल्या. तिने तात्यांकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं, मग पातेल्याकडे.

"आता ह्ये मी परत न्यायची न्हाई," म्हणाली. "दोन गाड्या बदलून आलीया. खावा."

लोक हसले. तात्याही हसले. पातेलं ठेवून सुनंदा रेहानाकडे वळली, जणू त्यासाठीच आली होती. "म्याडम, बरं भेटला. आज पुन्यांदा वर्गाला बसले मी. पाटीवर व्हतं की धार काडल्यावर गाय अर्धा तास बसू द्यायची न्हाई. आमची तर लगीच बसती. मग करायचं काय?"

"वैरण धार काढायच्या आधी नाही, नंतर टाकायची," रेहाना म्हणाली. "खात उभी राहते."

"आन बसली तर काय हुतं?" हे तात्यांनी विचारलं.

"सडाची भोकं तेव्हा उघडी असतात, तात्या. शेणात बसली की घाण आत जाते. कास सुजते."

तात्यांनी गोठ्याकडे मान वळवली. त्यांच्या गोठ्यातल्या एका गायीची कास सारखी सुजते, हे त्या अंगणात बसलेल्या निम्म्या लोकांना माहीत होतं.

"ह्ये पयल्या बॅचला न्हाई सांगितलंस तू?"

"सांगितलं होतं," रेहाना म्हणाली. "डावीकडून पाचव्या संचालकांच्या फेट्याखाली होतं."

दत्ताभाऊंनी नकळत स्वतःच्या डोक्याला हात लावला. पाचवे तेच होते.

मी विचार केला, आता बोलायचं. "तात्या, वर्ग बंद करा, माझं काही म्हणणं नाही. पण मग लोकांच्या फोनमध्ये शेवटची पाटी कुठली राहील? तीच. दोन सालं, मधली रेघ. नंतर तुम्ही कितीही हिंडलात तरी तीच."

तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आणि फोटो रंगीत करून काय होणार? लोक म्हणतील, फोटो बदलला. माणसाचं काय? त्यापेक्षा फोटो नकोच. पुढच्या वर्गाला तुम्ही स्वतः या. कॅमेऱ्यासमोर बसा, नमस्कार करा, गायीबद्दल चार शब्द बोला. मग रेहाना शिकवेल."

"आन त्या गोलात?"

"हवं तर दत्ताभाऊंना बसवू."

"नको, नको!" दत्ताभाऊ खुर्चीतून उठलेच. "त्या गोलात मी न्हाई जायचा. दुसरा बी कोन जायचा न्हाई."

तात्या बराच वेळ हसत होते. हसून झाल्यावर अध्यक्षांच्या आवाजात म्हणाले, "उद्या मीटिंग-बिटिंग काय न्हाई. वर्ग चालू ऱ्हानार. मी मेलो त्याच वर्गात, जित्ता बी त्याच वर्गात व्हनार. पोरी, किती वाजता म्हनलीस?"

"दोनला, तात्या. पण चार शब्दच."

"चार," तात्या म्हणाले, आणि ते चाळीस होणार हे आम्हा सगळ्यांना कळलं. ते चालतं. बोललेल्या शब्दांना पाटीवर जागा लागत नाही.

सुनंदाचं पिठलं सगळ्यांनी खाल्लं. ज्याच्यासाठी आणलं होतं त्याने सगळ्यात जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करून मी सगळ्यात आधी साच्यातून तात्यांना काढलं. गोल काढला, पात्या परत लोगोत नेऊन लावल्या, अक्षर थोडं वाढवलं आणि फाइल रेहानाला पाठवली. तिचं 'छान' येईपर्यंत तात्यांचाच फोन आला.

"ताई, त्यो काळा-पांढरा फोटो. टाकून न्हाई ना दिला?"

"नाही अजून. काढून टाकू का?"

"न्हाई, न्हाई. मंडळी म्हनतीया, इतका चांगला फोटो माझा कुनीच काडला न्हाई. ठिवून द्या. कवातरी लागंलच की."

मी तो फोटो पुन्हा उघडला. फेट्याच्या मागे लग्नातल्या कोणाचा तरी खांदा आला होता, तो नीट पुसला. कपाळावरचा उजेड किंचित कमी केला. बोर्डावर ठिपके दिसू नयेत एवढा मोठा केला. मग नवीन फोल्डर काढून त्यात ठेवला आणि नाव दिलं: 'तात्या – घाई नाही'.